जुनी क्लासिक गाडी स्वतः विकताना: इसार आणि अवघड गिऱ्हाइकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षानुवर्षं जपलेली गाडी विकायला काढली की फोन सुरू होतात. त्यातले निम्मे लोक गाडीबद्दल काहीच विचारत नाहीत. मी अशा काही गाड्या स्वतः विकल्या आहेत, आणि मित्रांच्या व्यवहारांत बाजूला बसून त्याहून जास्त पाहिलं आहे. त्यात पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर पावतीचा मसुदा तिथल्या वकिलाला एकदा दाखवून घ्या.

इसार घ्यावाच का?

घ्यावा. पण कशासाठी घेतोय ते आधी स्वतःला विचारा. बरेच जण इसाराला किमतीचा पहिला हप्ता समजतात. माझ्या लेखी तो थांबण्याचा मोबदला आहे. इसार घेतला की तुम्ही जाहिरात बाजूला ठेवता, बाकीच्यांना नाही म्हणता, गाडी झाकून ठेवता. म्हणजे तुम्ही वेळ विकत असता, आणि विकलेल्या वेळेला शेवट हवा. तारीख नसलेला इसार घेऊ नका. या पानावरचं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

मला हे एका जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीने शिकवलं. गिऱ्हाइकाने गाडी पाहिली, मागची सीट उचलून खालचा चेसिस नंबर वाचला, खूश झाला आणि त्याच संध्याकाळी इसार दिला. "पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जातो" म्हणाला. माणूस सभ्य होता, म्हणून मी काही लिहून घेतलं नाही. मग आठवड्यामागून आठवडे गेले. आधी पैशांची सोय व्हायची होती, मग गॅरेजची, मग घरात आजारपण आलं. दरम्यान एक जोडपं ती गाडी दोनदा पाहून गेलं होतं. त्यांची गाडी ठेवायची जागासुद्धा तयार होती. त्यांना मी थांबवून ठेवलं, आणि थांबून थांबून त्यांनी दुसरी गाडी घेतली. सहाव्या आठवड्यात इसार देणाऱ्याने पैसे परत मागितले. मी सगळे परत केले, कारण त्याने नेमका कोणत्या दिवशी शब्द मोडला हे मला सांगता येईना. तसा दिवस ठरलेलाच नव्हता. बीटल नंतर विकली गेली, पण चार महिन्यांनी आणि कमी किमतीत.

इसार किती घ्यावा?

ठरलेल्या किमतीच्या पाच ते दहा टक्के. त्याहून कमी असला तर सोडून जायला माणसाला काही वाटत नाही. जास्त असला तर व्यवहार फिसकटल्यावर भांडण त्याच प्रमाणात मोठं होतं, आणि अनेक ठिकाणी न्यायालयं अवाजवी मोठी रक्कम जप्त करू देत नाहीत. घेतलेल्या पैशाला हात लावू नका. परत द्यायची वेळ आली आणि तोच पैसा नव्या गाडीत घातलेला असला की चांगली माणसंसुद्धा फोन उचलेनाशी होतात.

इसार आणि आगाऊ रक्कम यात फरक काय?

बोलताना आपण दोन्ही शब्द सारखेच वापरतो, पण कायदा बहुतेक ठिकाणी तसं मानत नाही. इसार म्हणजे शब्द पाळण्याची हमी. देणारा मागे फिरला तर तो बुडू शकतो. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीतला भाग. व्यवहार मोडला तर झालेलं नुकसान वजा करून ती सहसा परत करावी लागते. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेतल्या कलम १५९० ने ही वाट दोन्ही बाजूंनी आखून दिली: घेणारा फिरला तर इसार गमावेल, विकणारा फिरला तर दुप्पट परत करेल. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १८८४ मध्ये हाउ विरुद्ध स्मिथ या जमिनीच्या खटल्यात, उगाच वेळ काढत बसलेल्या खरेदीदाराचा इसार विकणाऱ्याकडेच राहील, असा निकाल दिला. तुमच्याकडे कायदा काय म्हणतो ते वेगळं असू शकतं. पण दिलेली रक्कम कोणत्या प्रकारची आहे हे पावतीवर शब्दांत लिहिलेलं नसेल, तर दोघंही आपापल्या सोयीचा अर्थ काढणार हे नक्की.

इसार पावतीत काय काय लिहायचं?

पावती एक पान पुरे, पण त्यात मोघम काही नको. दोघांची नावं ओळखपत्राप्रमाणे. गाडीचं मॉडेल, वर्ष, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि त्या दिवशीचं मीटर रीडिंग. ठरलेली पूर्ण किंमत, मिळालेला इसार, उरलेली रक्कम, ती कोणत्या मार्गाने आणि कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत यायची. त्या वेळेत पैसे आले नाहीत तर काय, आणि तुम्हीच मागे फिरलात तर काय. ही दुसरी बाजू लिहायला विकणारे नाराज असतात. मी ती आवर्जून लिहितो. आपल्यावरही बंधन आहे हे दिसलं की समोरचा निमूट सही करतो.

मुख्य वाक्य मी साधारण असं लिहितो: "ही रक्कम इसार म्हणून घेतली आहे. अमुक तारखेला संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उरलेली रक्कम माझ्या खात्यात जमा न झाल्यास मी गाडी दुसऱ्याला विकण्यास मोकळा राहीन आणि इसार परत केला जाणार नाही. मी गाडी देण्यास नकार दिल्यास इसार दुप्पट परत करीन." मुदत सात ते दहा दिवसांची. कर्ज मंजूर व्हायचं असेल तर चौदा. मुदत वाढवायचीच झाली तर एकदाच, लेखी, आणि नवी तारीख घालून.

त्याच पानावर गाडीबरोबर काय जाणार याची यादी करा. मी पाहिलेली अर्धी भांडणं गाडीवरून झालीच नाहीत. ती सुट्या सामानावरून झाली. गॅरेजच्या कोपऱ्यात क्रोमच्या पट्ट्यांचं खोकं दिसलं, दोन जास्तीची चाकं दिसली, मूळ स्टिअरिंग भिंतीला टांगलेलं दिसलं की घेणारा मनातल्या मनात ते आपलं धरून चालतो. जॅक, टूलकिट, हबकॅप, मॅन्युअल, दुसरी किल्ली, सगळं नाव घेऊन लिहा. जे देणार नाही ते गिऱ्हाईक यायच्या आधी उचलून घरात ठेवा.

आणि शेवटी तुम्हाला माहीत असलेले दोष. "दुसऱ्या गिअरला आवाज आहे, डाव्या दाराखालचा पत्रा आतून गंजलेला आहे, पेट्रोलचा काटा चालत नाही." खाली त्याची सही. पुढे तक्रार आलीच तर तुमच्या बाजूने बोलायला हाच कागद असतो.

गाडी न पाहताच इसार पाठवतो म्हणणाऱ्याचं काय करायचं?

लांबचं खरं गिऱ्हाईक असंच बोलतं आणि ठकही असंच बोलतो. फरक प्रश्नांमध्ये दिसतो. खरा माणूस दाराच्या कडांचे, गाडीच्या पोटाखालचे, चेसिस नंबरचे फोटो मागतो, थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ मागतो. ठकाला गाडीत काही रस नसतो. तो तुमचा खाते क्रमांक मागतो, "ही गाडी माझ्या वडिलांसाठी" असं काहीतरी सांगतो आणि वाहतूकदार आपणच पाठवतो म्हणतो.

मग येते जास्त रकमेची युक्ती. ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक किंवा ड्राफ्ट येतो आणि वरचे पैसे वाहतूकदाराला पाठवा असं सांगितलं जातं. खात्यात रक्कम दिसते म्हणून तुम्ही पाठवता. काही दिवसांनी चेक खोटा निघतो, बँक सगळी रक्कम परत ओढून घेते आणि तुम्ही पाठवलेले पैसे गेलेले असतात. खात्यात रक्कम दिसणं आणि ती वटणं यात दिवसांचं अंतर असू शकतं. म्हणून नियम एकच: जादा आलेला पैसा कुणा तिसऱ्याला पाठवायचा नाही. परत करायचाच असेल तर बँकेने तो पक्का जमा झाल्याचं सांगितल्यावर, आणि आला त्याच खात्यात.

खऱ्या लांबच्या गिऱ्हाइकाकडून मी तपासणीच्या अटीवर इसार घेतो. त्याचा माणूस येऊन गाडी बघेल, आणि लिहून दिलेल्या वर्णनापेक्षा गाडी वेगळी निघाली तर पूर्ण परत. "मन भरलं नाही" हे कारण त्यात धरायचं नाही. तेही लिहायचं.

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला. पुरेसा आहे?

नाही. स्वतःच्या बँकेत जमा झालेलं दिसेपर्यंत पावतीवर सही नको. पैसे घ्यायला कधीही ओटीपी किंवा पिन द्यावा लागत नाही. कोणी मागितला की फोन ठेवा.

माझ्या जाहिरातीतले फोटो वापरून दुसराच कोणी इसार गोळा करू शकतो का?

होय, आणि यात त्रास दोन घरांना होतो. ठक तुमचे फोटो उचलतो, किंमत थोडी कमी लावतो आणि "आजच इसार पाठवा, रांग लागली आहे" म्हणून पैसे काढतो. मग एक दिवस कोणी तरी तुमच्या दारात उभा राहतो आणि आपण इसार दिलेला आहे असं सांगतो. तो खोटं बोलत नसतो, फसलेला असतो. त्याला हाकलून देऊ नका. बसवा, त्याच्याकडचे संदेश आणि पैसे कुठे गेले त्याचा तपशील बघा, त्याच्याबरोबर तक्रार द्या. तुमच्या गाडीवर त्याचा हक्क मात्र बसत नाही.

हे टाळायला फोटोवर मधोमध पुसट नाव टाका. नोंदणीच्या कागदपत्रांचे फोटो जाहिरातीत कधीच नकोत आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे झाका. पूर्ण नंबर समोर आलेल्याला दाखवा.

"शेवटचा भाव काय?" असं न बघताच विचारणाऱ्याला काय सांगायचं?

"या, गाडी बघा, मग बोलू." एवढंच. फोनवर एकदा भाव उतरवला की तो आकडा सुरुवातीचा होतो आणि प्रत्यक्षात पुन्हा तिथून खाली घासाघीस होते.

गिऱ्हाईक मेकॅनिक घेऊन येतो म्हणतोय. किती तपासू द्यावं?

मोकळेपणाने तपासू द्या. अडवलंत की शंका वाढते. पण काय उघडायचं आणि काय नाही हे आधी बोलून घ्या. लिफ्टवर चढवणं, प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघणं, पाण्यात तेल उतरलंय का पाहणं हे रास्त आहे. दाराचं पॅनेल उचकटणं, कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून बघणं चालणार नाही. इंजिन आधी तापवून ठेवू नका. जाणकार आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवतो आणि गरम लागलं की पुढचं काहीच खरं मानत नाही. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना क्षणभर निळसर धूर सोडला तर व्हॉल्व्हच्या बाजूने तेल झिरपतंय हे त्याला कळणारच आहे. ते तुम्हीच आधी सांगा.

आपली गाडी आपल्याला नीट माहीत हवी, कारण सगळेच मेकॅनिक जुन्या गाड्यांचे नसतात. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या एका व्यवहारात मी शेजारी उभा होतो. आलेल्या मेकॅनिकने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं, दाराखालच्या सिलवरून फिरवलं, दारावर फिरवलं, मग बॉनेटवर ठेवलं. ते घसरून खाली पडलं. "पूर्ण लांबी भरलेली आहे," असं तो मोठ्याने म्हणाला (लांबी म्हणजे पत्र्यावर भरलेली पुट्टी, तिला चुंबक चिकटत नाही) आणि त्याला घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाने लगेच भाव पाडायला सुरुवात केली. विकणाऱ्याने काहीच न बोलता बॉनेट उघडून आतली बाजू दाखवली. स्वच्छ पत्रा, लांबीचा मागमूस नाही. सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असायचं. त्याला चुंबक चिकटणार कसं? त्याच गाडीत दुसरा धोका होता. १९६७ पर्यंतच्या एमजीबींमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आताच्या गाड्यांच्या बरोबर उलटं. सवयीने कोणी केबल लावायला गेला की नंतर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा रेडिओ जळून जातो. म्हणून बॅटरीला हात लावायचा तर तुम्हीच.

टेस्ट ड्राइव्ह द्यावी का?

द्यावी, पण क्रमाने. आधी तुम्ही चालवा आणि त्याला शेजारी बसवा. तापमानाचा काटा, तेलाचा दाब, ब्रेक किती लवकर लागतात, हे चालवताना सांगत जा. अनेक जुन्या गाड्यांना पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी रचना) नसतो; चालत्या गाडीत नवखा माणूस तो घालायला गेला तर दात खरखरतात. मग त्याला द्यायची की नाही हे परवाना आणि विमा बघून ठरवा. परवान्याचा फोटो घ्या, तुमच्या विम्यात दुसरा चालक बसतो का ते विमा कंपनीला आधी विचारा. एकट्याला किल्ली नाही. नुकसान झालं तर भरपाई कोण देणार ते दोन ओळींत लिहून सही घ्या. इसार दिलेला असला तरी हेच नियम.

चेसिस नंबर "अपुरा" आहे, इंजिन मूळचं नाही, असं म्हणून भाव पाडतात. काय उत्तर द्यायचं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. १७ अक्षरी नंबर सर्रास झाला तो १९८१ पासून, आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं येत नाहीत. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. १९६१ मध्ये आलेल्या जग्वार ई-टाईपच्या सुरुवातीच्या गाड्यांचा चेसिस नंबर सहा आकडीच आहे. एखादं संकेतस्थळ तो स्वीकारत नाही म्हणून गाडी संशयास्पद ठरत नाही.

इंजिनाचं म्हणणं गंभीरपणे घ्या. मूळ इंजिन असण्याने किमतीत खरा फरक पडतो, म्हणून जाहिरात लिहायच्या आधी स्वतः दोन्ही नंबर कंपनीच्या नोंदींशी ताडून बघा. काही जुन्या गाड्यांचे कारखान्यातले दप्तर अजून जपलेले आहे. एमजी, ऑस्टिन, मॉरिस यांच्या बऱ्याच नोंदी इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत आणि तिथून दाखला मिळतो. दाखला हातात असला की वाद तिथेच मिटतो. इंजिन बदललेलं असेल तर ते जाहिरातीतच लिहा आणि किंमत तशीच लावा. "ओरिजिनल" हा शब्द तर सिद्ध करता येईल तेवढ्याच भागासाठी वापरा.

इसार दिला, आणि गाडी न्यायच्या दिवशी ट्रक दारात उभा करून भाव पाडतोय. काय करू?

हा प्रसंग विकणाऱ्याला सगळ्यात जास्त कोंडीत पकडतो. ट्रक आलाय, शेजारी बघताहेत, तुम्ही मनाने गाडीचा निरोप घेतलेला आहे. त्याला हे पक्कं माहीत असतं. तो चाकाजवळ वाकतो, एक ओरखडा दाखवतो आणि किमतीतून भला मोठा आकडा कापायला सांगतो.

पावती काढा. दोषांची यादी त्याच्यासमोर धरा. जे यादीत आहे, किंवा तपासणीच्या दिवशी उघड दिसत होतं, त्यावर पुन्हा बोलणी नाही. त्या दिवसानंतर खरंच काही नवीन झालं असेल, समजा गाडी बाहेर काढताना तुमच्याच हातून फेंडर घासला, तर दुरुस्तीचा खर्च रास्तपणे कमी करा. बाकी कशासाठीही एक पै नाही. "ठरल्या किमतीत न्यायची असेल तर आज पाचपर्यंत वेळ आहे" एवढंच शांतपणे म्हणा आणि गॅरेजचं शटर ओढून घ्या. माझ्या पाहण्यात बहुतेक लोक तासाभरात पैसे पाठवतात. जे रिकामा ट्रक घेऊन गेले, त्यांच्या हाती गाडी गेली नाही याचं कुणाला वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

तो मुदतीआधीच इसार परत मागतोय. द्यायचा?

कारण ऐका. घरात मृत्यू, नोकरी गेली, अपघात झाला, अशा वेळी मी झालेला खर्च कापून बाकी परत करतो, मग पावतीत काहीही लिहिलेलं असो. दुसरीकडे स्वस्त गाडी मिळाली म्हणून फिरला असेल तर पावतीप्रमाणे. परत केलेल्या पैशाचीही पावती घ्या आणि त्यात "या व्यवहारातून दोघांचं एकमेकांकडे काही येणं नाही" हे लिहा. मूळ इसार पावती परत घेऊन फाडा.

इसार घेतला आणि दुसरा जास्त देतोय.

गाडी पहिल्याची आहे. दुसऱ्याचा नंबर लिहून ठेवा आणि मुदत संपली तर फोन करतो म्हणून सांगा. त्याच्याकडून पैसे मात्र घेऊ नका.

मधल्या दिवसांत गाडीला काही झालं तर?

मालकी तुमच्याकडे आहे तोवर जोखीमही तुमचीच, असं धरून चाला. विमा चालू ठेवा. पावतीवर मीटर रीडिंग लिहिलेलं असल्याने "शेवटची फेरी" मारायचा मोह टाळा. जुन्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप चिरतात, ठिबकतात. ती उभी असताना बॅटरी सोडून ठेवा. पूर्ण पैसे देऊनही गाडी नेत नसेल त्याच्यासाठी नेण्याची शेवटची तारीख, त्यानंतरचं रोजचं भाडं आणि विमा कोणाचा, हे पावतीतच असू द्या.

कागदावर किंमत कमी दाखवा म्हणतोय.

नाही म्हणा. पुढे वाद झाला तर तो त्याच कमी आकड्यावर उभा राहील, आणि कर चुकवल्याचा भाग तुमच्याही नावावर लागेल.

विकून तीन आठवडे झाले, रोज फोन करून तक्रारी करतोय.

पहिला फोन मनापासून घ्या. जुन्या गाडीला हात बसायला वेळ लागतो. चोक किती ओढायचा, थंडीत किती वेळ थांबायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. बरेचदा दहा मिनिटांत प्रश्न सुटतो. पण पैशाची भाषा सुरू झाली की उत्तर लेखीच द्या आणि दोषांच्या यादीची प्रत जोडा. "जशी आहे तशी" विकली हे वाक्य उपयोगी आहे, पण तुम्ही माहीत असलेलं काही लपवलं असेल तर ते बहुतेक ठिकाणी तुम्हाला वाचवत नाही. तसं खरंच झालं असेल तर भांडू नका, दुरुस्तीचा वाटा उचला.

ताबा देण्याच्या दिवशी काय क्रम ठेवायचा?

कामाच्या दिवशी, सकाळी, बँक उघडी असताना. ड्राफ्ट असेल तर तो काढला त्या शाखेतच जाऊन पडताळा. त्यावर छापलेल्या फोन नंबरवर विसंबू नका. पैसे पक्के जमा झाले की विक्रीची कागदपत्रं, त्यावर तारीख आणि ताबा दिल्याची वेळसुद्धा, मग दोन्ही किल्ल्या. नोंदणी खात्याला विकल्याची सूचना त्याच दिवशी स्वतः द्या, त्याच्यावर सोडू नका. त्यानंतरच विमा बंद करा.